फक्त पहिली ओळ सांगा

जानेवारीतला रविवार, सकाळचे नऊ वाजून गेलेत. मिरजेत सतारमेकर गल्लीपासून दोन वळणं पलीकडं, एका जुन्या घराच्या माडीवर बारावी विज्ञानची सहा मुलं सतरंजीवर बसली आहेत. जिन्याच्या तोंडाशी वेताची टोपली ठेवलेली आहे. तिच्यात सहा मोबाईल पालथे पडलेत. सातवा माझा. ‘‘बघायला आलाय ना? मग बघा की, त्याला फोन कशाला लागतोय,’’ असं म्हणत सरांनी तो माझ्या हातून कधी काढून घेतला ते कळलंही नाही.

सर कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेले. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, बोटांना खडू. मागं भिंतीवर तीन बाय चारचा फळा आहे, पण आज अजून त्यावर काही लिहिलेलं नाही. फेब्रुवारीत बोर्डाची लेखी परीक्षा आहे, त्याआधी वीस मार्कांची प्रॅक्टिकल. असे दिवस तोंडावर आले की बाकी ठिकाणी माईक लावून ‘रिव्हिजन बॅच’ चालतात. फळा भरतो, पुसला जातो, पुन्हा भरतो. इथं मात्र सर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खडखडवताहेत. आत घडी घातलेल्या चिठ्ठ्या आहेत. जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद फाडून केलेल्या, हाताळून मऊ पडलेल्या. प्रत्येकीवर एकच गणित. प्रकरणाचं नाव नाही, स्वाध्यायाचा क्रमांक नाही, खाली उत्तरही नाही.

‘‘तीन काढ,’’ सर पुढ्यातल्या मुलाला म्हणतात. तो तीन चिठ्ठ्या काढून सतरंजीवर उलगडतो. योगायोग नाही हा. या तीन चिठ्ठ्या सरांनी मघाशीच वर आणून ठेवल्या होत्या, मी पाहिलंय. तिन्हींवर इंटिग्रेशनची खूण आहे आणि तिन्हींचा छेद एकच, एक्सचा वर्ग अधिक एक. फरक फक्त अंशात. एकीत नुसता १, दुसरीत एक्स, तिसरीत एक्सचा वर्ग.

‘‘सोडवायचं नाही. फक्त पहिली ओळ सांगा. काय करणार?’’

‘‘सर, पार्शल फ्रॅक्शन,’’ मागून लगेच आवाज येतो.

‘‘कुठल्याला?’’

‘‘तिन्हीला.’’

सर काहीच बोलत नाहीत. मुलगा स्वतःच वहीत लिहून बघायला लागतो, छेदाचे अवयव पाडायला जातो आणि थांबतो. एक्सचा वर्ग अधिक एक. वास्तव संख्यांमध्ये याचे अवयव पडतच नाहीत. तो पेनाचं टोक चावतो. बेडगहून एसटीनं येणारी एक मुलगी खिडकीपाशी बसली आहे. ती हळूच म्हणते, ‘‘पहिलं तर सूत्रच आहे सर. टॅन इन्व्हर्स.’’

‘‘आणि दुसरं?’’

‘‘दुसऱ्यात वरचा एक्स म्हणजे खालच्याच्या डेरिव्हेटिव्हचा निम्मा. म्हणजे लॉग येणार. निम्मा लॉग.’’

तिसऱ्यापाशी तीही अडते. इथं मिनिट-दीड मिनिट कुणी बोलत नाही. खालच्या रस्त्यावर कुणीतरी तंबोरा जुळवतंय. एकच तार पुन्हापुन्हा वाजते, जरा चढते, जरा उतरते. मग पार्शल फ्रॅक्शनवालाच ओरडतो, ‘‘वर एक मिळवायचा आणि एक वजा करायचा! मग भागाकार होतोय. एक्स वजा टॅन इन्व्हर्स एक्स.’’

‘‘आता हे तिन्ही पुस्तकात कुठं कुठं आहेत?’’ सर विचारतात. मुलं पानं चाळतात. वेगवेगळ्या पद्धतींखाली, वेगवेगळ्या ठिकाणी. तिथं प्रत्येक स्वाध्यायाच्या वर त्याची पद्धत छापलेलीच असते. मुलगा पहिलं गणित पुस्तकातलं सोडवलेलं बघतो, पुढची पंधरा त्याच चालीनं करतो, पंधराची पंधरा बरोबर येतात आणि रात्री तो समाधानानं झोपतो. बोर्डाच्या पेपरात मात्र ‘क’ विभागात तीन-तीन मार्कांची बारा गणितं एका खाली एक येतात, त्यांतली आठ सोडवायची. आणि एकाच्याही डोक्यावर पद्धत लिहिलेली नसते. ती ओळखायची कला मुलानं वर्षभर एकदाही वापरलेली नसते, कारण पुस्तकानं ती त्याच्या वतीनं आधीच वापरलेली असते.

हे काही एकट्या सरांच्या मनातलं नाही. साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. निम्म्यांना एकेका प्रकारची गणितं सलग दिली, निम्म्यांना सगळे प्रकार मिसळून. सराव चालू असताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळवाल्यांची ६० टक्के. एका आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आले होते आणि मिसळवाले ६३ टक्क्यांवर होते. सरांना मी हे आकडे सांगतो. ते मान हलवतात आणि डबा पुन्हा खडखडवतात. त्यांना त्याचं फारसं अप्रूप नाही. मला आहे. कारण आपल्याकडचे पालक आणि क्लासवाले दोघंही सरावातल्या त्या ८९ टक्क्यांवरच खूश असतात.

आता प्रत्येकाला एकेक चिठ्ठी मिळाली आहे. नियम तोच: पुस्तक मिटलेलं, वीस मिनिटं कुणाला काही विचारायचं नाही, अडलं तर अडलेलं लिहायचं. वहीचं उजवं पान गणिताचं. डावं पान मोकळं असतं आणि तिथं फक्त एक गोष्ट जाते: आपण कुठं आणि का थांबलो. मी वाकून एका वहीचं डावं पान वाचतो. ‘व्हेक्टरचं गणित होतं हे ओळखलंच नाही.’ त्याखाली, ‘वजा चिन्ह कंसाच्या आत नेलं नाही. तिसऱ्यांदा.’ ‘तिसऱ्यांदा’ला दोन रेघा मारल्या आहेत.

बारावीच्या गणितातले बरेचसे मार्क बारावीच्या गणितात जात नाहीत, आठवी-नववीच्या बीजगणितात जातात, हे अशा दोन-चार वह्या चाळल्या तरी लक्षात येतं. ए वर्ग अधिक बी वर्ग, याचं वर्गमूळ सरळ ए अधिक बी लिहिणारी मुलं डेरिव्हेटिव्ह बिनचूक काढतात आणि नंतरच्या सोप्या ओळीत घसरतात. क्लासमध्ये या चुकीला ‘सिली मिस्टेक’ म्हणतात आणि पुढं जातात. तीच सिली मिस्टेक दर आठवड्याला होत असेल तर ती सिली नसते, एवढं साधं निदान करायला डाव्या पानाशिवाय दुसरं साधन मला तरी दिसत नाही.

निळ्या जर्किनवाल्याची चिठ्ठी त्रिकोणमितीची आहे: साइन दोन एक्स बरोबर कॉस एक्स, सर्वसाधारण उकल काढा. त्याचं पाच मिनिटांत झालंय. तो पेन खाली ठेवून इकडंतिकडं बघतोय. सर त्याच्या वहीवर नजर टाकतात. साइन दोन एक्सचं दोन साइन एक्स कॉस एक्स केलंय, दोन्ही बाजूंचा कॉस एक्स उडवलाय, साइन एक्स बरोबर एक छेद दोन आलंय आणि तिथून सूत्रानं उत्तर. अक्षर सुंदर. उत्तराभोवती चौकट.

‘‘छान,’’ सर म्हणतात. ‘‘आता नव्वद अंश घाल बघू मूळ समीकरणात.’’

‘‘साइन एकशेऐंशी, शून्य. कॉस नव्वद, शून्य.’’ मुलगा बोलता बोलता हळू होतो. ‘‘बसतंय सर.’’

‘‘तुझ्या चौकटीत नव्वद आहे?’’

मुलगा चौकटीतल्या सूत्रात एन शून्य घालतो, एक घालतो. तीस येतात, एकशेपन्नास येतात. दोन घातल्यावर तीनशे नव्वद. नव्वद काही येत नाहीत. ‘‘पण माझं चुकलंय कुठं? ही उत्तरं तर बरोबर आहेत.’’

‘‘बरोबर आहेतच. सगळी आहेत का, एवढंच विचारतोय मी.’’

शेजारचा मुलगा तोंड उघडतो तसा सरांचा तळवा वर होतो. ‘‘गणित त्याचं आहे. त्यालाच राहू दे.’’ निळं जर्किन बोटानं एकेक ओळ खाली उतरतंय. पहिल्या ओळीत नव्वद घालून बघतो, चालतात. दुसरीत घालतो, चालतात. तिसऱ्या ओळीत साइन एक्स बरोबर एक छेद दोन. इथं नव्वद चालत नाहीत. बोट दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये थांबतं. तिथं काय केलं होतं? कॉस एक्सनं भागलं होतं. आणि नव्वदला कॉस शून्य. तो वर बघतो. चेहऱ्यावर थोडी शरम आहे, पण त्याहून जास्त त्याला गंमत वाटलेली दिसतेय. भागण्याऐवजी सगळं एका बाजूला घेऊन कॉस एक्स सामाईक काढायचा, म्हणजे दोन्ही वाटा हातात राहतात, हे तो न विचारता लिहायला लागतो. डाव्या पानावर लिहितो: ‘ज्यानं भागतोय ते शून्य असू शकतं का?’ मी घड्याळ पाहतो. या एका ओळीला सोळा मिनिटं लागलीत. सरांनी सांगितलं असतं तर सोळा सेकंदांत झालं असतं, आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा कॉस उडवून मोकळा झाला असता.

एकाच्या दप्तरातून गाइड डोकावतंय. सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांचं जाडजूड पुस्तक. मला वाटतं सर आता त्यावर बोलणार, पण ते त्याच्याकडं लक्षच देत नाहीत. मीच विचारतो. ‘‘गाइड असू दे की. उघडायचं कधी, हे कळलं म्हणजे झालं,’’ ते म्हणतात. मला यावर रामानुजन आठवतो. १९०३च्या सुमारास कुंभकोणमला त्याच्या हाती जी. एस. कार यांचं ‘सिनॉप्सिस’ पडलं. कार हे इंग्लंडातले खासगी शिकवणीवाले, आणि केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेसाठी मुलं तयार करताना जमलेली जवळपास पाच हजार सूत्रं आणि प्रमेयं त्यांनी त्या पुस्तकात ओळीनं मांडली होती, सिद्धता अगदी त्रोटक किंवा नाहीच. म्हणजे ते मुळात एक गाइडच. रामानुजननं काय केलं, तर ती सूत्रं एकेक करून स्वतः सिद्ध करत बसला. अर्थात पुढं एफ.ए.च्या परीक्षेत, म्हणजे आजच्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेत, बाकीच्या विषयांकडं ढुंकून न पाहिल्यामुळं तो नापासही झाला, तेव्हा हे उदाहरण सबंध उचलू नये.

तोवर बेडगच्या मुलीची चिठ्ठी रंगात आली आहे. डेफिनिट इंटिग्रेशन, शून्य ते पाय छेद दोन. अंशात साइन एक्सचं वर्गमूळ, छेदात साइन एक्सचं वर्गमूळ अधिक कॉस एक्सचं वर्गमूळ. बोर्डाचं लाडकं गणित. तिनं ते सहा ओळींत केलंय. एक्सच्या जागी पाय छेद दोन वजा एक्स, साइनचा कॉस, कॉसचा साइन, दोन्ही मिळवून दोन आय बरोबर पाय छेद दोन, आय बरोबर पाय छेद चार. परीक्षेत पूर्ण मार्क.

‘‘पाय छेद चारच का?’’ सर विचारतात.

ती सहा ओळी पुन्हा वाचून दाखवते.

‘‘ते झालं गं. ते तू उत्तर कसं काढलंस. उत्तर ते का आलं?’’

ती गप्प. सर कपाटातून जुना सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढून तिच्या हातात देतात. परीक्षेत तो नसतो, इथं चालतो. ‘‘तीस अंशाला या अपूर्णांकाची किंमत काढ. मग साठला.’’ ती बटणं दाबते. ०.४३. मग ०.५७. पंचेचाळीसला न दाबताच सांगते, अर्धा. शून्याला शून्य, नव्वदला एक. ‘‘वीस आणि सत्तर काढू?’’ ती स्वतःच विचारते, काढते आणि बेरीज करते. एक. आता तिला चव लागली आहे. दहा आणि ऐंशी. एक.

सर पहिल्यांदाच खडू उचलतात, पण आलेख काढत नाहीत. खडू तिलाच देतात. ती फळ्यावर दोन अक्ष आखते. वक्र शून्यापासून निघतो, पंचेचाळीसला अर्ध्यावर येतो, नव्वदला एकावर पोचतो. अर्ध्याच्या उंचीवर ती आडवी रेघ मारते. डावीकडं वक्र रेघेखाली आहे, उजवीकडं वर. सर एवढंच म्हणतात, ‘‘उजवीकडचा रेघेवरचा तुकडा कापून उलटा फिरवला तर?’’ ती डस्टर घेऊन उजवीकडचा वरचा तुकडा पुसते आणि डावीकडची खाच खडूनं भरते. उरतो एक आयत. रुंदी पाय छेद दोन, उंची अर्धा. क्षेत्रफळ पाय छेद चार. सहा ओळींचं गणित एका आयतात बसलंय आणि सहाच्या सहा मुलं फळ्याकडं बघताहेत.

इथून पुढं सरांना काही करावं लागत नाही. ‘‘मग वर्गमूळ कशाला पाहिजे?’’ पार्शल फ्रॅक्शनवाला विचारतो. ‘‘घन ठेवला तरी तेच येणार की.’’ येतंच. वर्ग ठेवला तर? छेद होतो साइन वर्ग अधिक कॉस वर्ग, म्हणजे एक. उरतो नुसता साइन वर्ग. तो ते वेगळ्या वाटेनं, अर्धकोनाच्या सूत्रानं सोडवून बघतो. पाय छेद चार. ‘‘आणि घात शून्य?’’ कुणीतरी गमतीनं म्हणतं. एक छेद एक अधिक एक. अर्धा. सगळे हसतात. गणितातली सगळी भीतीदायक वर्गमुळं नुसती सजावट होती.

‘‘सीमा बदला,’’ सर म्हणतात. ‘‘तीस ते साठ.’’ मुलगी सूत्राकडं जातच नाही. रुंदी पाय छेद सहा, उंची अर्धा, पाय छेद बारा. ‘‘शून्य ते साठ?’’ निळं जर्किन घाईनं म्हणतं, ‘‘पाय छेद सहा.’’ मुलगी फळ्याकडं बघते. मान हलवते. ‘‘नाही येणार. मध्य तीसवर येतोय, पंचेचाळीसवर नाही. डावीकडची खाच भरणार कशानं?’’ बरोबर. ते गणित टॅनचं वर्गमूळ टी धरून, पार्शल फ्रॅक्शन पाडून सुटतं, पण त्याला पानभर जागा लागते; या युक्तीनं सुटत नाही. युक्ती कुठं चालते हे सगळ्या क्लासमध्ये सांगतात. ती कुठं बंद पडते हे मुलांनी स्वतः पाहिलं, असं मी तरी फार ठिकाणी बघितलेलं नाही.

सीईटीचा विषय निघाल्याशिवाय अशी बैठक मोडत नाही. नव्वद मिनिटांत गणिताचे पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, आणि साधारण पाचवा हिस्सा अकरावीचा. ‘‘तिथं आयत काढत बसायला वेळ कुठं असतो सर?’’ प्रश्न रास्त आहे. सर फळ्याकडं बोट करतात. ‘‘तिनं तीस ते साठचं किती वेळात केलं?’’ पाचेक सेकंद. पण ती पाच सेकंदं विकत घ्यायला आधी पाऊण तास मोजावा लागला, हे ते सांगत नाहीत. वेगासाठी घड्याळ लावून सराव लागतोच, तेही रोज संध्याकाळी करायला त्यांनी सांगितलंय. फक्त दोन्ही कामं एकाच बैठकीत करायची नाहीत, एवढी त्यांची अट.

साडेअकरा. उठायच्या आधी शेवटचं काम: कोरा कागद घ्यायचा आणि आज सोडवलेलं गणित वही मिटून पुन्हा लिहायचं. दोघांचं अडतं, अगदी मघाशी समजलेल्या जागीच. सर त्यांच्या चिठ्ठ्या घडी घालून पुन्हा डब्यात टाकतात. त्या आता दोन-तीन आठवड्यांनी, कुठल्यातरी भलत्याच गणिताच्या शेजारी निघतील.

खाली हॉर्न वाजतो. निळ्या जर्किनचे वडील मोटरसायकल चालू ठेवूनच विचारतात, ‘‘किती गणितं झाली रे आज?’’

‘‘तीन.’’

‘‘अडीच तासांत तीन?’’ ते मुलाकडं बघतात, मग माडीकडं, मग माझ्याकडं. मी गप्प बसतो, कारण रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नाही. इथं मात्र सांगतो. घरी बारावीचं मूल असेल तर ‘किती झाली’ हा प्रश्न परीक्षेपर्यंत तरी बाजूला ठेवा. त्याऐवजी आज कुठं अडलं ते विचारा, आणि वहीचं डावं पान उघडून दाखवायला सांगा. ते कोरं असेल तर काळजी करा.